मॉरिशसमध्ये फिरताना: परतीची गाडी आधी विचारा



मागच्या पालक दिनाची गोष्ट. कार्यक्रम संपून मैदान रिकामे झाले होते आणि मी गेटकडे निघालो होतो. तिथे एक आजोबा हातात पिशवी घेऊन पहारेकऱ्याला विचारत होते, "आता जबलपूरची बस कधी?" ते सकाळी बसने पाटनला आले, नातवाची परेड पाहिली, त्याच्याबरोबर जेवले, गप्पा मारल्या. रात्री जबलपूर स्टेशनवरून त्यांची गाडी होती. पाटनला रेल्वे नाही आणि अंधार पडला की बसगाड्या विरळ होतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेवटी एका पालकांच्या मोटारीत जागा झाली आणि आजोबांची गाडी चुकली नाही.

त्यांना बसवून परत येताना सातवीतला एक छात्र माझ्याबरोबर चालत होता. त्याने विचारले, "सर, आजोबांनी सकाळी उतरतानाच का नाही विचारलं?"

प्रश्न बरोबर होता. पण मी त्यावर काही बोललो नाही, कारण वीस वर्षे फौजेत काढून आणि तुम्हाला नकाशावाचन शिकवत असूनही हीच चूक मी केली होती, तीही परदेशात आणि आईला सोबत घेऊन. तो देश मॉरिशस. त्या प्रवासात तिथल्या जवळजवळ प्रत्येक वाहनातून मी फिरलो. कोणते वाहन कशासाठी बरे, कोणते कुठे दगा देते, आणि अनोळखी मुलखात फिरण्याची आखणी कशी करावी, ते या पानावर सांगतो.

देश किती लहान?

आधी नकाशा उघडा. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशस हे बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपला जबलपूर जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आहे. म्हणजे तो अख्खा देश आपल्या जिल्ह्यात दोनदा मावेल आणि वर जागा उरेल. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ४५. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

हे आकडे पाहून मी जाण्यापूर्वीच निकाल देऊन टाकला होता की, ६५ किलोमीटरच्या देशात चुकणार कुठे आणि अडकणार कुठे! माझी पहिली चूक ती. मी अंतर मोजले, वेळ मोजला नाही.

मॉरिशस हे ज्वालामुखीतून तयार झालेले बेट आहे. कडेने सपाट किनारा, मध्ये उंच पठार, आणि त्याभोवती तुटक डोंगर. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. पठारावरचे क्यूरपीप हे गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. किनाऱ्यावर ऊन असते तेव्हा तिथे पाऊस पडत असतो. विमानतळ आग्नेयेला, राजधानी पोर्ट लुई वायव्येला. या दोन टोकांना जोडणारा मोठा रस्ता बेटाच्या मधून तिरपा जातो. त्यावरून गाडी वेगाने जाते. पण तो सोडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलात की वळणे, गावे आणि उसाची शेते सुरू होतात. साधारण जून ते डिसेंबर हा तिथे ऊसतोडीचा काळ. उसाने भरलेल्या गाड्यांमागे आपली गाडी कशी सरकते, हे मटाराच्या हंगामात पाटनच्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

म्हणून पहिला नियम: लहान मुलखात किलोमीटर विचारू नका, तास विचारा.

आम्ही तिथे कसे गेलो

माझा भाचा तिथे एका बांधकामाच्या कामावर इंजिनिअर होता. "मामा, गणपतीला या. आजीलाही घेऊन या. इथे गणपतीची सरकारी सुट्टी असते," असा त्याचा आग्रह होता. २०२३ च्या सप्टेंबरात मी, सौ. आणि आई असे तिघे गेलो. आई तेव्हा ७२ वर्षांची. तिला मधुमेह आहे. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांचा प्रवास. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना तिथे आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मात्र उतरल्यावर अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारतात. आमच्याकडेही त्यांनी आधी परतीचे तिकीट मागितले. त्या देशाच्या दारातच मला योग्य प्रश्न विचारला गेला होता. पुढे मीच तो विसरलो.

बस

मॉरिशसमध्ये सामान्य माणूस बसने फिरतो. राष्ट्रीय परिवहन महामंडळाच्या आणि खासगी कंपन्यांच्या बस जवळजवळ प्रत्येक गावात जातात. तिकीट कंडक्टर देतो, सुटे पैसे जवळ असलेले बरे. २००५ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना बसचा प्रवास मोफत आहे. ही सवलत त्यांच्या नागरिकांना, पाहुण्यांना नाही. पण तिचा परिणाम पाहुण्यांनाही जाणवतो. शाळा सुटायच्या वेळी बस गणवेशातल्या मुलांनी भरून जाते. त्या वेळी मोठे सामान घेऊन चढू नये.

दुसरी गोष्ट, बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरळ जाणारी बस सहसा मिळत नाही. मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर बदलावी लागते. पोर्ट लुईत दोन मुख्य स्थानके: उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरवरून, पठाराकडच्या आणि दक्षिणेच्या व्हिक्टोरियावरून. शिवाय क्यूरपीप, कात्र बोर्न, रोझ हिल, माहेबुर्ग आणि फ्लाक ही बदलण्याची ठिकाणे. ही सहा-सात नावे कागदावर लिहून त्यांना रेघांनी जोडा, म्हणजे बेटाचा बसचा नकाशा तयार झाला. आमचा मुक्काम कात्र बोर्नला होता, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या बस घराजवळून मिळत.

इमिग्रेशन स्क्वेअर हे नाव का पडले, तेही सांगतो. स्थानकाला लागूनच आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून करारावर नेलेले जवळजवळ पाच लाख मजूर त्या घाटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचे मराठी लोकही होते. सुरुवातीच्या करारांत परतीच्या जहाजाची सोय असे. पुढे ती काढून घेण्यात आली. बरेच जण तिथेच राहिले आणि त्या देशाचे झाले. आज त्यांची नातवंडे-पतवंडे शाळेत मराठी शिकतात आणि घरी गणपती बसवतात. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. बस पकडायला गेलेल्या पाहुण्याने अर्धा तास काढून त्या पायऱ्या पाहाव्यात.

बसचा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा गुण किंवा दोष म्हणजे ती लवकर झोपते. गावाकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास थांबतात. शहरांतल्या आठपर्यंत चालतात. उशिरापर्यंत धावणाऱ्या गाड्या पोर्ट लुई ते क्यूरपीप या पट्ट्यापुरत्याच. आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्याच बस कमी.

हे शेवटचे वाक्य मला माहीत नव्हते.

ल मोर्नची संध्याकाळ

गणपतीची सुट्टी होती. भाच्याला कामावरून बोलावणे आले आणि तो सकाळीच गेला. जाताना म्हणाला, "मामा, आज घरीच थांबा, उद्या मी गाडीने नेतो." मी म्हटले, "अरे, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर तर ते ठिकाण. आम्ही बसने जाऊन येतो." मला ल मोर्न पाहायचे होते. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ उठलेला ५५६ मीटरचा तो कडा आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आश्रयाने राहत. २००८ साली त्यालाही जागतिक वारशाचा मान मिळाला.

बस मिळाली. आईला खिडकीची जागा मिळाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस, वाटेत डोक्यावर गणपती घेऊन निघालेल्या मिरवणुका. आई हात जोडत होती. दीड तासाच्या वर वेळ लागला, पण कंटाळा आला नाही. मुख्य रस्त्यावर उतरून पुढे किनाऱ्यापर्यंत बरेच चालावे लागले. मी उतरताना कंडक्टरला धन्यवाद दिले. परतीची बस कधी, हे विचारले नाही.

किनाऱ्यावर आम्ही डबा खाल्ला, कडा पाहिला, फोटो काढले. साडेचारच्या सुमारास परत रस्त्यावर आलो आणि थांब्यावर उभे राहिलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. उलट दिशेने एक बस गेली, आमच्या दिशेची आली नाही. सप्टेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाण्याची बाटली संपली होती आणि डबा रिकामा होता. भाच्याचा फोन लागत नव्हता. आई आधी गप्प झाली, मग तिला घाम येऊ लागला, हात कापू लागले. साखर उतरत होती. सौ.ने पिशवी उलटी केली, एक लिमलेटची गोळीसुद्धा निघाली नाही. मी रस्त्यावर उभा राहून हात करत होतो आणि मोटारी पुढे जात होत्या.

मग एक व्हॅन थांबली. विसर्जनाहून परतणारे कुटुंब होते. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी आईची नऊवारी पाहिली आणि विचारले, "मराठी काय? कुठं जातां?" मला क्षणभर काही सुचेना. त्यांच्या पत्नीने आईकडे पाहिले आणि काही न विचारता प्रसादाचा डबा उघडला. गूळ-खोबऱ्याचे सारण, केळे, वर पाणी. दहा-पंधरा मिनिटांत आई सावरली आणि त्यांच्याशी बोलू लागली. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, गाव कोणते ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे मराठी थोडे अडखळत होते, पण आरती आईच्या बरोबरीने म्हणाले.

त्यांनी आम्हाला घरापर्यंत सोडले. पैशाचा विषय काढला तर रागावलेच. उतरताना ते एवढेच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी जाताना पहिलं विचारायचं, शेवटची बस किती वाजता."

तिथल्या क्रिओल भाषेत हा प्रश्न असा विचारतात: "देर्न्ये बिस, कि लेर?" मी तो त्या रात्री पाठ केला. पुढच्या आठ दिवसांत प्रत्येक बसमध्ये चढताना मी तोच प्रश्न विचारला. एकाही कंडक्टरने उत्तर टाळले नाही.

मेट्रो

मॉरिशसमध्ये एके काळी रेल्वे होती. आपल्याकडे बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ साली धावली. तिथे पहिला मार्ग १८६४ साली सुरू झाला. ऊस, साखर आणि माणसे तिच्यावरून जात. मोटारी आणि ट्रक वाढले तशी रेल्वे तोट्यात गेली. १९५६ साली प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९६४ साली मालगाड्याही. रस्त्यांवर गर्दी एवढी झाली की, त्यानंतर अर्ध्या शतकाने पुन्हा रूळ टाकावे लागले.

ही नवी हलकी मेट्रो भारताच्या आर्थिक साहाय्याने उभी राहिली आणि लार्सन अँड टुब्रो या आपल्या कंपनीने ती बांधली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटन झाले. आधी पोर्ट लुई ते रोझ हिल, मग कात्र बोर्न, आणि २०२२ मध्ये क्यूरपीप, असे टप्प्याटप्प्याने सुमारे २६ किलोमीटर. रिचार्जचे कार्ड घेतले की झाले. गाडीत चढायला पायऱ्या नाहीत, त्यामुळे आईला सर्वांत आवडलेले वाहन हेच. कात्र बोर्नहून पोर्ट लुईच्या बाजारात आम्ही तीन वेळा मेट्रोने गेलो.

पण मेट्रोची मर्यादा ओळखा. ती पठारावरच्या गावांना राजधानीशी जोडते. विमानतळावर जात नाही, समुद्रकिनाऱ्यांवर जात नाही. पाहुण्याला जे पाहायचे असते त्यातले निम्मे तिच्या वाटेवर नाही. म्हणून मेट्रोने मोठ्या स्थानकापर्यंत आणि तिथून बसने पुढे, ही जोडी जमवायला शिकावे.

टॅक्सी

टॅक्सीला मीटर असला तरी त्यावर चालणारा चालक आम्हाला भेटला नाही. भाडे आधी ठरवायचे, मगच बसायचे. प्रत्येक टॅक्सीला एक ठरलेला तळ असतो आणि त्याचे नाव गाडीवर लिहिलेले असते. दूरच्या गावी सोडले तर चालकाला रिकामे परत यावे लागते, म्हणून तो ते भाड्यात धरतो. यात लबाडी नाही, हिशेब आहे. तिघे-चौघे असाल आणि एका दिवसात तीन-चार ठिकाणे पाहायची असतील, तर दिवसभरासाठी टॅक्सी ठरवणे परवडते. थांबण्याचा वेळ आणि परत घरी सोडणे हे दोन्ही बोलून घ्यावे.

तिथे 'टॅक्सी-ट्रेन' नावाचा प्रकारही आहे. नावावरून वाटते तसे त्यात रूळ वगैरे काही नाही. ठरलेल्या वाटेवर वाटून घेतलेली टॅक्सी, आपल्याकडच्या शेअर ऑटोसारखी. बसपेक्षा थोडे जास्त पैसे, पण वाट कमी बघावी लागते. स्थानिक माणसाकडून जागा आणि भाडे विचारून घेतले तर उपयोगी.

विमानतळावरून मात्र पहिल्या दिवशी टॅक्सी किंवा नातेवाइकांची मोटारच बरी. माहेबुर्गहून येणारी बस विमानतळावरून जाते, पण लांब प्रवासानंतर बॅगा घेऊन तिच्यात चढणे वृद्धांना झेपत नाही.

भाड्याची मोटार

तिथे वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. गावांची नावे, पाट्या आणि बोली फ्रेंच वळणाची राहिली, पण गाडी डावीकडून चालते. त्यामुळे भारतीय चालकाला बिचकण्याचे कारण नाही. मी जाताना आपला परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही नेले होते. शेवटचे दोन दिवस आम्ही मोटार घेतली.

तीन गोष्टींची सवय करावी लागते. चौकाचौकांत गोल वळसे आहेत. आत आधीपासून फिरणाऱ्या, उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. दुसरे, वेगमर्यादा मोडली तर कॅमेरा टिपतो. मोठ्या रस्त्यावर ताशी ११० पर्यंत परवानगी आहे, गावात शिरलात की ती निम्म्यावर किंवा त्याखाली येते. तिसरे, गावातले रस्ते अरुंद आहेत आणि कडेला पाण्याचे उघडे चर आहेत. रात्री अनोळखी रस्त्यावर चालवू नये.

पायी, बोटीने, विमानाने

महाशिवरात्रीला देशभरातून लाखो भाविक ग्रां बासँ म्हणजे गंगा तलावाकडे पायी जातात, कित्येक जण खांद्यावर कावड घेऊन. त्या दिवसांत मोटारीने फिरण्याचा बेत आखू नये. रस्ता चालणाऱ्यांचा असतो.

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचेच बेट, पण मुख्य बेटापासून ५०० किलोमीटरपेक्षा दूर. विमानाने सुमारे दीड तास लागतो, जहाजाने एक दिवसाहून अधिक. "लहान देश" म्हणताना हा समुद्र मोजायचा राहून जातो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशारा १ ते ४ अशा चार वर्गांत देतात. तो वरच्या वर्गात गेला की शाळा, बस आणि विमाने बंद होतात. या काळात जाणाऱ्याने परतीच्या तारखेभोवती दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत.

ग्रां पोर

शेवटच्या दिवशी मोटारीने आम्ही माहेबुर्गला गेलो. समोर ग्रां पोरचा उपसागर. छात्रमित्रांनो, ही जागा तुमच्यासाठी आहे. ऑगस्ट १८१० मध्ये इथे इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. इंग्रजांनी उपसागराच्या तोंडावरचे छोटे बेट आधीच घेतले होते. फ्रेंच जहाजे आत शिरली तेव्हा इंग्रज कप्तानांनी त्यांचा पाठलाग केला. पण आतला खडकांचा आणि प्रवाळाचा नकाशा त्यांना नीट माहीत नव्हता. जहाजे रुतली. दोन इंग्रजांनी स्वतःच पेटवून दिली, एक लढता लढता मोडून पडले, चौथ्याला शरण जावे लागले. पॅरिसच्या विजय कमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींवर उपचार झाले ते घर आज संग्रहालय आहे.

तीन महिन्यांनी इंग्रज पुन्हा आले. या वेळी त्यांनी उत्तर किनाऱ्याची खोली आधी मोजून घेतली होती. मोठे सैन्य तिथे उतरले, त्यात हिंदुस्थानी शिपाईही होते. ३ डिसेंबर १८१० रोजी बेट शरण आले. धाडस दोन्ही वेळा होते. फरक पडला तो वाट माहीत असण्याचा.

मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनीही कंडक्टरला विचारलं नव्हतं." संग्रहालयात आम्ही तिघेही मोठ्याने हसलो.

कोणी काय निवडावे

थोडक्यात सांगायचे तर, एकटा तरुण, वेळ भरपूर आणि पैसा बेताचा, तर बस आणि मेट्रो. वृद्ध माणूस सोबत, तर शहरात मेट्रो आणि बाहेर दिवसभराची टॅक्सी. चार जणांचे कुटुंब आणि गाडी चालवणारा भरवशाचा, तर दोन-तीन दिवस भाड्याची मोटार. आणि वाहन कोणतेही असो, निघण्यापूर्वी या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात:

१. शेवटची परतीची गाडी किती वाजता? आज सुट्टी, सण किंवा बंद आहे का?
२. ती चुकली तर दुसरा मार्ग कोणता? एका टॅक्सीवाल्याचा फोन नंबर.
३. उतरण्याच्या जागेपासून पाहण्याच्या जागेपर्यंत चालणे किती?
४. सोबतच्या माणसाची गरज: औषध, पाणी, खाणे. गोड पदार्थ पिशवीत असलाच पाहिजे.

फौजेत आम्हाला शिकवत, पुढे जाण्याची आखणी करताना मागे येण्याची वाटही ठरवून ठेवा. मी ते शत्रूसाठी शिकलो आणि सहलीला विसरलो. माझ्या विसरण्याची किंमत आईने मोजली असती.

आता पुन्हा पाटनकडे येतो. आपल्या शाळेला भेट देणाऱ्या पालकांसाठीही आपला हा तालुका म्हणजे अनोळखी लहान देशच आहे. जबलपूर स्टेशन कुठे, मदन महल कुठे, डुमना विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला, तिथून पाटनला यायला किती वेळ, सणाच्या दिवशी बस किती, हे सगळे आपल्याला पाठ आहे आणि त्यांना नाही. म्हणून या सत्रात नकाशावाचनाच्या वर्गाला मी एक काम दिले आहे. छात्रांच्या तुकड्या बसथांब्यावर जाऊन वेळा लिहून आणतील, चालकांशी बोलतील, सुट्टीच्या दिवशी पुन्हा जाऊन तपासतील, आणि एका पानाचा तक्ता तयार करतील. पुढच्या पालक दिनाच्या निमंत्रणाबरोबर तो प्रत्येक घरी जाईल.

तक्त्याचा पहिला रकाना "पाटनला कसे यावे" असा असावा, असे एका छात्राने सुचवले. तो सातवीतला छात्र उठून म्हणाला, "नको सर, पहिला रकाना परतीचा."

तसाच ठेवला आहे.